वाचून दाखवल्याशिवाय सही नाही

मंगल,

तुझं दिवसकार्य आटपून तुझा भाऊ परत मेंढरांमागं गेला. जाताना ऑफिसात येऊन तुझी पिशवी घेऊन गेला. खुर्चीवर बसला नाही. दारातच उभं राहून म्हणाला, "ताई, आमच्या मंगलीला कुणी सांगितलं हुतं ह्या लोकांच्या घरात शिरायला?" त्याला उत्तर नको होतं. कुणावर तरी ओरडायचं होतं आणि समोर मी होते.

आता तुझ्या टेबलावर मी बसते. कॉम्प्युटर उघडला की तुझ्या नावासमोर लाल अक्षरं येतात. गृहभेट अहवाल अपूर्ण. कुटुंबप्रमुखाची सही नाही. कुटुंबप्रमुखासह छायाचित्र नाही. खाली एक चौकोन आहे, अपूर्ण राहिल्याचं कारण लिहायला. ते कारण मी डोळ्यांनी बघितलंय. त्याचा वास अजून माझ्या ओढणीला आहे. कितीदा धुतली तरी जात नाही, आणि टाकूनही देववत नाही.

तुझ्या शोकसभेत एक गृहस्थ तुला मितभाषी म्हणाले. मितभाषी! माझ्या शेजारी आपल्या संस्थेतल्या स्वयंपाकीणबाई बसल्या होत्या. त्यांनी पदर तोंडात कोंबला आणि मग रडता रडता हसल्या. एकदा एसटीत एकाने बायकोच्या मुस्काटात मारली, तेव्हा तू त्याच्या मानगुटीला धरून त्याला सीटवरून उठवलं होतंस आणि त्याच्या आईपासून शिव्यांना सुरुवात केली होतीस. कंडक्टर म्हणाला होता, "आवं बाई, गाडीत बायामाणसं हाईत." तू म्हणालीस, "मग मी काय हाय, म्हस?" त्या बाईने तुझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. पुढच्या स्टॉपवर नवऱ्यामागं खाली उतरली. तू खिडकीतून तिच्याकडे बघत राहिलीस आणि मग मला म्हणालीस, "बघ इंदे, मी त्याला धरला, पर घरी जाऊन त्याचं उट्टं तिच्यावर निघणार." त्या दिवसानंतर तू कुणावर हात टाकला नाहीस. लिहायला लागलीस.

आपण दोघी साताऱ्याला समाजकार्य शिकलो. मी रहिमतपूरची, मास्तरांची मुलगी, पुस्तकात डोकं घातलेली. तू आटपाडीकडची, धनगराची. तुझ्या लहानपणातलं निम्मं वर्ष मेंढरांमागं वाटेवर गेलेलं. वसतिगृहात पहिल्याच दिवशी तू माझी पुस्तकं खाटेवरून खाली ठेवलीस आणि विचारलंस, "ही सगळी वाचल्यावर काय करतीस?" मी म्हणाले, "दुसरी वाचते." तू इतक्या जोरात हसलीस की रेक्टरबाई वर आल्या. माझ्या शांतपणावर न चिडणारी तू पहिलीच होतीस.

आपलं काम सांगायला सोपं होतं. सरकारी अनुदानावर चालणारी आपली लहानशी संस्था. ज्या घरांत मुलांच्या जिवाला किंवा शिक्षणाला धोका आहे त्या घरांवर लक्ष ठेवायचं, फार झालं तर बालकल्याण समितीच्या आदेशाने मुलाला बालगृहात हलवायचं, आणि ह्या सगळ्याचा अहवाल ठरल्या वेळी वर पाठवायचा. अहवाल गेला नाही तर अनुदान नाही, अनुदान नाही तर मुलं परत त्याच घरात. तू घरं फिरायचीस. मी माधवनगरच्या ऑफिसात बसून तुझे अहवाल पाठवण्याजोगे करायची. म्हणजे तू लिहिलेलं रक्त पुसायची, असं तू म्हणायचीस.

समस्येचा प्रकार निवडायला फॉर्ममध्ये तयार यादी होती. कौटुंबिक कलह, व्यसनाधीनता, शालाबाह्य, इतर. तू नेहमी 'इतर' निवडायचीस आणि पुढे लिहायचीस: "बापाने आईला दाव्याने मारले. मुलगी मध्ये पडली. तिच्या पाठीवर दाव्याचा पीळ उमटला आहे." मी सांगायची की अगं, ह्याला कौटुंबिक कलह म्हणतात, तो पर्याय दिलाय. तू टेबलावर हात आपटायचीस. "कलह म्हंजे दोघं भांडत्यात. हितं एक मारतोय नि दोघी मार खात्यात. कलह कसला बोडक्याचा?"

तो वाद तू जिंकलीस. पुढे पुढे मी तुझी वाक्यं तशीच पाठवू लागले. वरून एकदा फोन आला की तुमचे अहवाल वाचवत नाहीत. तू म्हणालीस, "बरं झालं. वाचत्यात म्हंजे."

दुसरा वाद मात्र राहून गेला. तो आता मी एकटीने कसा चालवू?

लिहून झालेला अहवाल तू त्याच घरात, त्याच माणसांसमोर मोठ्यानं वाचून दाखवायचीस. असा नियम कुठेच नव्हता, तो तुझा होता. वाचून दाखवल्याशिवाय सही घ्यायची नाही, अंगठा तर नाहीच नाही. सुरुवातीला बायका घाबरायच्या, पदर ओढून घ्यायच्या. मग हळूहळू कान द्यायच्या. जतकडची ती बाई आठवते? तू वाचलंस, "नवऱ्याने लाथ मारली." ती म्हणाली, "लाथ न्हवं, पाट मारला. बसायचा. लिवा नीट." तू खोडून 'पाट' लिहिलंस. ती म्हणाली, "शिसवी हुता." तू 'शिसवी'सुद्धा लिहिलंस. मग कशी कोण जाणे, ती हसायला लागली. कपाळावर टाके घातलेली ती बाई खदाखदा हसत होती, कारण तिचा पाट पहिल्यांदाच कुठेतरी शिसवी म्हणून लिहिला गेला होता.

ह्यामागचं कारण तू मला फक्त एकदाच सांगितलंस. तुझा बाप तुझ्या आईला काठीने मारायचा. एकदा तिचा हात मोडला आणि ती कशीबशी चालत चौकीवर गेली. तिथं कुणीतरी कागद पुढं केला आणि तिचा अंगठा घेतला. तिला वाटलं तक्रार लिहिली. कागदावर होतं की आमचं आपसात मिटलं, आता काही म्हणणं नाही. पुढच्या वेळी ती गेली तेव्हा तोच कागद तिला दाखवला. तू तेव्हा लहान होतीस, पण वाचता येत होतं. तू तो कागद वाचलास. "आईला मीच सांगितलं काय लिवलंय ते," तू म्हणालीस. "तिनं सोताचा अंगठा दातानं चावला, इंदे. रगात यीस्तोवर."

तुझ्या त्या नियमामागं हे रक्त होतं, म्हणून मी कधी त्याला हसले नाही. पण वाद घातला.

आधी वादाची वेळ येत नव्हती, कारण तू बाजारादिवशी जायचीस. आठवड्याच्या बाजाराला पुरुष गावात गेला की तू घरात शिरायचीस. चुलीपाशी बसायचीस, लिहायचीस, वाचून दाखवायचीस, आणि तो परत यायच्या आत निघायचीस. सही बाईची घ्यायचीस. वर्षानुवर्षं चाललं हे. मग वरून नवी सूचना आली. गृहभेटीच्या अहवालावर कुटुंबप्रमुखाची सही हवी, आणि त्याच्यासह, त्याच्या घरासमोर काढलेलं, जागा आणि वेळ उमटलेलं छायाचित्र हवं. हेतू वाईट नव्हता. कुणीतरी कुठेतरी घरी न जाताच भेटी दाखवल्या असणार. पण रेशनकार्डावर जो प्रमुख तोच प्रमुख, आणि आपल्या निम्म्याअधिक घरांत जो मारतो तोच प्रमुख. आपण दोघींनी सहीनिशी पत्र पाठवलं की ह्याने बायकांना आणि मुलांना धोका वाढेल. उत्तर आलं, सूचनांचे पालन करावे.

बाकीच्यांनी वाट काढली. चहा प्यायचा, "योजनेसाठी सही लागते दादा" म्हणायचं, कागद अर्धा दुमडून सही घ्यायची, फोटो काढायचा, निघायचं. मी तुला तेच सांगत होते. दुपारची वेळ, पुढ्यात भडंगाचा पुडा, आणि तू त्यातल्या दाण्यांवर राग काढत होतीस.

"घे सही आणि ये निघून. त्याला वाचून दाखवायची काय गरज आहे?"

"ज्याच्याबद्दल लिवलंय त्यानं ऐकाया नको?"

"बायकांना वाचून दाखव की. त्यांच्यासाठी तर नियम आहे तुझा."

"मग त्याला फसवून सही घेऊ? चौकीवर आईची घेतली तशी?"

"तो आणि तुझी आई एकच का?"

तू हातातला दाणा परत पुड्यात टाकलास. मग म्हणालीस, "माणूस एक न्हाई. पर कागद एकच हाय. मागनं लिवलेला कागद मला चालत न्हाई गं, मास्तरीणबाई. तोंडावर लिवायचा." मी म्हणाले की एक दिवस कुणीतरी तुझ्या तोंडावरच मारेल. तू उरलेलं भडंग माझ्याकडे सरकवलंस. आपला वाद इथंच थांबलाय.

आता त्या मुलीबद्दल. अहवालाबाहेर मुलांची खरी नावं घ्यायची नाहीत, म्हणून इथं तिला कल्पना म्हणते. कल्पना पंधरा-सोळाची. विट्याच्या अलीकडचं गाव. बाप दक्षिणेकडच्या एका शहरात गलाईच्या दुकानात होता, सोनं-चांदी गाळायचा. त्या भागातली कितीतरी माणसं हा धंदा करतात. माझा मामाही आयुष्यभर भट्टीसमोर बसला आणि त्याने कधी मांजरालाही हाड म्हटलं नाही. कल्पनाचा बाप मात्र तिकडचं काम सुटून घरी आला आणि गोठ्यात भट्टी मांडून बसला. सोबत ॲसिडचे कॅन आणले. दारू प्यायला की कॅन हातात घेऊन बायकोला आणि मुलीला भिंतीशी उभं करायचा, झाकण उघडायचा, पुन्हा लावायचा. कधी ओतलं नाही. पट्ट्याने मात्र मारायचा, सांडशीने मारायचा. कल्पना शाळेत बाकावर टेकून बसत नव्हती म्हणून बाईंच्या लक्षात आलं. तू जाऊन तिला काढलंस, समितीपुढं उभं केलंस, बालगृहात ठेवलंस.

मग तिचं प्रकरण फेरविचाराला आलं. मूल शक्यतो कुटुंबात परतावं, हा नियम, आणि नियम म्हणून तो चांगलाच आहे. बापाने अर्ज दिला की मी सुधारलो, पोरगी द्या. ताजा गृहभेट अहवाल नसेल तर समितीपुढे फक्त त्याचा अर्ज राहणार होता. अहवाल पूर्ण धरला जायचा तर त्याची सही आणि फोटो हवा. म्हणजे कल्पनाला घरी पाठवू नका, हे लिहिण्यासाठी तुला त्या घरात, तो असताना, जावं लागणार होतं.

अशा घरी दोघांनी जायचं असा आपला दंडक. तुझ्याबरोबर जाणारा सहकारी रजेवर होता, म्हणून मी आले. पोलीस पाटलांना तू निरोप दिला होतास, पण ते लग्नाला गेले होते. मी म्हणाले, उद्या जाऊ. तू म्हणालीस, समिती परवा बसती.

भर दुपार होती. त्याने दाढी केली होती, इस्त्रीचा शर्ट घातला होता. "या, म्याडम, या. पंखा लाव गं." कल्पनाच्या आईने चहा ठेवला. कप ठेवताना तिचा हात पूर्ण उघडत नव्हता, ते आपल्या दोघींनाही दिसलं. तू तिला आत नेऊन तिची पाठ बघून आलीस, बाहेर येऊन लिहिलंस. तोवर तो माझ्याशी पावसापाण्याचं बोलत होता. फोटो म्हटल्यावर उठून भांग पाडला. "चांगला येऊ द्या. आमी काय गुन्हेगार न्हाई." फोटो शेवटी काढू, तू म्हणालीस, तेव्हा त्याने खिशातून स्वतःचं पेन काढलं. "कुटं करू सही?"

मंगल, पेन कागदाला टेकलं होतं. मी तुझ्याकडे बघितलं. करू दे, असं माझे डोळे सांगत होते आणि तुला ते कळलं होतं. तू कागदावर पंजा ठेवलास.

"आधी ऐका, दादा. मग सही."

"आवं, तुमी लिवलंय म्हंजे चांगलंच आसंल की."

"तरी ऐका."

तू वाचलंस. तुझा तो वाचायचा आवाज, ना वर ना खाली. "वडील दारू पितात. आईच्या पाठीवर सांडशीचे ताजे डाग आहेत. उजव्या हाताची बोटं सुजलेली आहेत. घरात ॲसिडचे कॅन आहेत, त्यांचा धाक दाखवला जातो. मुलीला ह्या घरात पाठवल्यास तिच्या जिवाला धोका आहे." सुरुवातीला तो हसत होता. 'सांडशी'पाशी हसू गेलं. त्याने बायकोकडे बघितलं. "तू सांगितलंस व्हय गं?"

"तिनं काय सांगितलं न्हाई," तू म्हणालीस. "मी डोळ्यांनी बघितलं. काय विचारायचं ते मला विचारा."

तो गोठ्याकडे गेला. मला वाटलं, गेला. तो कॅन घेऊनच आला. झाकण काढलेलं होतं. तो तुझ्यावर आला नव्हता, हे मी पोलिसांनाही सांगितलं. तो तिच्यावर आला. ती चुलीपाशी खाली बसलेली होती. तू मध्ये गेलीस. त्याला अडवलं नाहीस, तिच्यावर ओणवी झालीस आणि त्याच क्षणी त्याच्याकडे वर बघितलंस. का बघितलंस गं वर?

मला आवाज आठवतो. तुझा नाही, तापल्या तव्यावर पाणी पडावं तसा. तुझी साडी जागच्या जागी विरली. चेहरा पिवळा पडला, हळद लावावी तसा, आणि मग तो पिवळेपणा उतरून खाली यायला लागला. मी तुला काखेत धरून हौदापर्यंत ओढलं. मागून त्याने माझ्या डाव्या मनगटावर सांडशी घातली, ते मोडलेलं मला नंतर कळलं. कल्पनाची आई सुजल्या हाताने घागरीमागून घागरी ओतत होती आणि ओरडत होती, "बाई, डोळं झाका, बाई, डोळं झाका." तू ओरडत नव्हतीस. तू शिव्या देत होतीस. एकसारख्या, स्पष्ट, त्याचं नाव घेऊन. गाव त्यानेच जमलं.

लोकांनी त्याला ट्रॅक्टरच्या चाकाला बांधून मारलं. उसाच्या कांड्यांनी, चपलांनी, एका म्हाताऱ्याने तर पाण्याच्या पाइपाने. त्याचे दात रक्ताबरोबर मातीत पडले. पोलिसांची जीप येईस्तोवर ते चाललं होतं, आणि मला ते बघून बरं वाटत होतं. मोडका हात छातीशी धरून मी बघत उभी होते आणि आतून म्हणत होते, अजून. हे मी कुठल्याच अहवालात लिहिलेलं नाही. तुला सांगते, कारण तू मला शांत, शांत म्हणून चिडवायचीस.

मिरजेच्या दवाखान्यात तुझा जबाब घ्यायला नायब तहसीलदार आले. डॉक्टरांनी लिहून दिलं की रुग्ण शुद्धीवर आहे. तुझ्या डोळ्यांवर पट्टी, ओठ असे नव्हतेच. तू बोललीस ते त्यांनी लिहून घेतलं आणि अंगठ्यासाठी शाईचा डबा उघडला. तू हात पांघरुणाखाली ओढलास.

"वाचा."

ते चांगले गृहस्थ होते. वाचू लागले. "...किरकोळ कारणावरून चिडून..."

"किरकोळ न्हवं," तू म्हणालीस. शब्द मला कळला, त्यांना कळला नाही. मी त्यांना सांगितला. "अहवाल वाचून दाखवला म्हणून. आसं लिवा. आणि माज्यावर न्हाई, बायकोवर टाकत हुता. त्ये बी लिवा."

त्यांनी खोडलं, लिहिलं, पुन्हा वाचलं. मग तू हात बाहेर काढलास. मी तो धरला होता. तुझा अंगठा शाबूत होता, सगळ्या अंगात तोच शाबूत होता. नायब तहसीलदारांनी शाई लावून ठसा घेतला. नंतर बाहेर व्हरांड्यात ते मला म्हणाले, "बाई, एवढ्या नोकरीत मला आजवर कुणी वाचायला लावलं नव्हतं." मी त्यांच्याकडे पाठ केली, कारण मला त्यांना मारावंसं वाटत होतं, आणि त्यांचा काही दोष नव्हता.

पुढचं तुला ठाऊक आहे. किंवा नाही. तू नंतर बोलली नाहीस.

समितीची बैठक पुढं ढकलली गेली आणि मला वाटलं, आता कल्पनाला धोका नाही, बाप आत आहे. तसं नव्हतं. तिचा धाकटा चुलता बालगृहात भेटीला आला. डबा आणला होता. मुलीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि सांगितलं, "आईला म्हणावं जबाब फिरव. न्हाईतर ती बी हौदात सापडंल एक दिवस. तू घरी चल, तुजं लगीन ठरवलंय. सगळं मिटंल." मग त्याने समितीकडे अर्ज दिला की बाप तुरुंगात आहे, घरात आता धोका उरलेला नाही, पालक म्हणून मुलगी माझ्याकडे द्यावी. कागदावर ते किती बरोबर दिसत होतं. धोका म्हणून आपण लिहिलेला माणूस घरात नव्हताच. आणि तुझा अहवाल अपूर्ण होता.

तो मी पुन्हा लिहायला घेतला. उजवा हात धड आहे, तरी फार हळू लिहिलं. आधी बालगृहात जाऊन कल्पनाला वाचून दाखवला. ती भिंतीकडे तोंड करून ऐकत होती. मी वाचलं, "मुलीची घरी परतण्याची इच्छा नाही." ती वळली.

"आसं नका लिवू. इच्छा बिच्छा. लिवा की, मला हितनं न्हेलं तर मी वाटंत गाडीतनं उडी टाकीन. आईला मारत्याल म्हणून मी जाईन आसं चुलत्याला वाटतंय. मी गेले तर आई जबाब फिरवंल, मग मंगलताईला मारणारा बाप सुटून यील. आमाला दोघींना मारंल. लिवा."

मी लिहिलं. तिच्याच शब्दांत. 'इतर' ह्या रकान्यात.

सांगलीला समितीपुढे गेले तेव्हा मी एक हवालदार दारात उभा करायची विनंती केली होती. दार उघडं ठेवायला सांगितलं होतं. हे तुझ्या पद्धतीत नव्हतं, हे माझं. तू एकटी वाचायचीस, मी बंदूकवाला माणूस मागे ठेवून वाचणार होते. भित्री म्हण.

चुलता पांढऱ्याशुभ्र कपड्यांत बसला होता. मागे भिंतीला टेकून कल्पनाची आई, पदर नाकापर्यंत. तो तिला घेऊन आला होता. अध्यक्षबाईंनी अहवाल मागितला. मी म्हणाले, "तो मी ह्यांच्यासमोर वाचून दाखवते. मग ह्यांची सही घेते. मग तुम्हाला देते." त्या म्हणाल्या, तशी गरज नाही, आम्ही वाचू. मी म्हणाले, "आमच्या संस्थेत अशीच पद्धत आहे."

वाचायला सुरुवात केली. आवाज तुझ्यासारखा सपाट नव्हता. कागद मी प्लास्टर घातलेल्या हाताने टेबलावर दाबून धरला. चुलता पंख्याकडे बघत होता. "भेटीच्या दिवशी चुलत्याने मुलीला सांगितले की आईने जबाब फिरवला नाही तर ती हौदात सापडेल." त्याची नजर खाली आली. माझ्या चेहऱ्यावर आली. मंगल, मी तो चेहरा ओळखला. भावाभावांचं साम्य असतं. त्याच्या मानेची शीर तशीच वर आली, त्याने टेबलाची कड धरली आणि तो उठला. माझाच हात माझ्या डोळ्यांवर जायला निघाला होता. मी जाऊ दिला नाही. हवालदार दोन पावलं आत आला. मी पुढचं वाक्य वाचलं. त्याच्या पुढचं वाचलं. कल्पनाची गाडीतली उडी वाचली. शेवटपर्यंत वाचलं.

तो बसला. मग तो माझ्याकडे न बघता, खरोखर काकुळतीला येऊन म्हणाला,

"ह्यात खोटं काय न्हाई. पर आसं तोंडावर वाचायची काय गरज हुती, म्याडम?"

अध्यक्षबाई लिहिणाऱ्या कारकुनाला म्हणाल्या, "ह्यांचं पहिलं वाक्य लिहून घ्या." चुलत्याला तेव्हा कळलं आपण काय बोललो ते. त्याने तोंड उघडलं, पण मागून भिंतीपाशी आवाज आला. पदर अजून नाकापर्यंतच होता. "सायब, माजी पोर हितंच ऱ्हाऊ द्या. मी बी त्येंच्या घरी परत जात न्हाई. जबाब हाय तसाच हाय."

कल्पना घरी गेली नाही. तिच्या आईची तात्पुरती सोय सांगलीतच एका ठिकाणी झाली आहे, कुठं ते इथं लिहीत नाही. खटला उभा राहायचा आहे. चुलता रोज कुठेतरी उभा असेल, हे मला माहीत आहे. ऑफिसातून निघताना मी दोन्हीकडे बघून निघते.

पण त्या खोलीतल्या त्या क्षणाचं सांगायचं राहिलं. वाचायची काय गरज होती, हे त्याने विचारलं तेव्हा मी दचकले. तो प्रश्न माझा होता. भर दुपारी, तुझ्यासमोर बसून, जवळजवळ त्याच शब्दांत मी तो विचारला होता, आणि तू दिलेलं उत्तर मला तेव्हा पटलं नव्हतं. आता तोच प्रश्न त्या माणसाच्या तोंडून ऐकला आणि त्याच्या बाजूला उभं राहायची मला किळस आली. कागद त्याच्याकडे फिरवला, सही कुठे करायची ते बोटाने दाखवलं, आणि त्याने केली.

तरीही, मंगल, तू तो अहवाल त्या दुपारी वाचायला नको होतास. पेन टेकलेलं होतं. मी हे म्हणत राहणार. तू बरोबर होतीस, असं इथं लिहावं म्हणून मी कितीदा बसले आणि उठले. कुणाला बरोबर म्हणायचं तर ते माणूस समोर बसलेलं लागतं गं.